गाठ दाखवणारी फिल्म

पुण्यात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर ती माझ्या शेजारी बसली होती. बेंबळीकडची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. दुष्काळाची वर्षं होती. मी आईला घेऊन आलो होतो.

कुणी बोललं की ती डावा कान पुढं करायची. तिनंच सांगितलं, उजव्यात नुसती घुंघुं चालायची आणि उठताना जमीन फिरायची. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना पडली, तेव्हा काम टाळायला सोंग करते, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

सोबतचा दीर मला म्हणाला, "काय न्हाय निघायचं बघा. उगं खेप."

तिनं ते ऐकलं आणि पदर खोचून आत गेली.

नंतर डॉक्टर फिल्म घेऊन बाहेर आले. "बाई, कानाच्या आत, ऐकायच्या नसेवर गाठ आहे. फार क्वचित होते. ऑपरेशन करावं लागेल."

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं फिल्म मागून घेतली आणि दिराच्या तोंडापुढं धरली. "बघा भावजी, ह्ये माजं सोंग."

दीर वरमला. खाली बघत पुटपुटला, "गावाकडं जाऊन दादाला इचारू, मग ठरवू."

"डोस्कं माजं हाय. मला इचारा." मग ती डॉक्टरांकडं वळली. "कवा भरती होऊ?"

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईला घेऊन निघालो, तेव्हा ती कठडा धरून वॉर्डाचा जिना चढत होती. पिशवी घेतलेला दीर तिच्या मागं चालला होता.