पंधरा बकऱ्यांची बाजू

आमच्या घरात रोज दुपारी साडेतीनला वाघबकरीचा डाव मांडला जातो आणि माझी पुसलेली फरशी खडूने पांढरी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी या खेळाचं बरंच कौतुक करणार आहे, आणि कोणाला वाटायचं की मला तो पहिल्यापासून आवडत होता. मुळीच नाही. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हापासून माझा या खेळावर राग होता.

आमचे हे पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. लाईट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे, पण शिफ्ट संपेपर्यंत घरी यायची सोय नसायची. मग कापडाच्या ताग्यावर खूण करायच्या खडूने जमिनीवर मोठा त्रिकोण काढायचा, त्यात रेघा मारायच्या आणि लाईट येईपर्यंत खेळत बसायचं. डबा कितीदा तरी भरलेलाच परत यायचा. मी विचारलं की म्हणायचे, "वाघ अडकले व्हते, कवा जेवनार?" वाघ अडकले म्हणून भात नासवणारा माणूस माझ्याच नशिबी आला होता.

खेळ तसा सोपा. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी मारायचं नाही, फक्त वाघाच्या वाटा अडवून त्याला कोंडायचं. लूमवर सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी कांडीचे कापलेले तीन तुकडे हे आमच्याकडचे वाघ आणि चिंचोके या बकऱ्या. वयाने मोठा तो वाघ घेणार, हा ह्यांचा नियम. आणि खेळताना तोंडातून शब्द काढायचा नाही. लूमच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, त्यामुळे कारखान्यात सगळं बोलणं हातांनीच व्हायचं, तीच सवय डावातही आली. बोट फिरवलं की तुझी पाळी. मूठ वर केली की थांब, लूम बंद कर.

ह्यांनी काम सोडल्यावर आम्ही भिवंडीतच टेमघरला मुलाकडे राहायला आलो. मुलगा मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, सूनही नोकरीला, त्यामुळे दोन्ही नाती दुपारी आमच्या ताब्यात. थोरली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला ह्यांनी वाघबकरी शिकवली आणि मग रोज हरवायला सुरुवात केली. रोज म्हणजे रोज! तीन महिने पोरगी एकही डाव जिंकली नाही. एकदा ती रडत न्हाणीघरात गेली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अहो, लेकरू आहे ते. एखादा डाव सोडला तर तुमचं काय जातं?"

"सोडला तर तिला कलेल," हे म्हणाले. "मंग ती माज्यासंगं खेलनार न्हाय, मना खेलवंल."

पोरगी तोंड धुऊन आली आणि पुन्हा समोर बसली. मला तिचं तेव्हाही कौतुक वाटलं होतं, पण ह्यांच्यासमोर मी ते कबूल केलं नाही. पुढे एके दिवशी तिने तिन्ही वाघ कोंडले. हे चप्पल घालून खाली गेले आणि वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले की आपण हरलो. हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षापासून हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. एकदा थोरलीला शाळेतून आणायला निघाले आणि तिकडे न जाता जुन्या कारखान्याच्या बंद शटरपुढे जाऊन बसले. मुलाला ते तिथे सापडले तेव्हा म्हणाले, शिफ्ट सुरू व्हायची वाट बघतोय. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर ह्यांना एकट्याने खाली सोडणं बंद झालं.

राहिली ती दुपारची वाघबकरी. त्या तासाभरात हे पहिल्यासारखे असायचे. डोळे बारीक करून, गालात जीभ घोळवत बसलेले. माझ्या मनाने घेतलं होतं की हा खेळ आहे तोवर हे आहेत. फरशीवरच्या खडूबद्दल मी चकार शब्द काढेनाशी झाले.

पण मुलाचं म्हणणं वेगळं होतं. "आई, मुलींनी बाबांना असं हळूहळू विसरताना बघायला नको. खालच्या मजल्यावर दुपारचा क्लास आहे, दोघींना तिथे घालतो." मी भांडले. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, रविवारी मी स्वतः बसून बघतो. डाव जमत असेल तर राहू दे. नसेल तर सोमवारपासून क्लास." मुलगा वाईट नाही. बापाला बंद शटरपुढून उठवून आणल्यापासून तो घाबरला होता.

रविवारी जेवणं झाल्यावर थोरलीने त्रिकोण काढला. ह्यांनी वाघ घेतले. धाकटी सहा वर्षांची, मेलेल्या बकऱ्या वाटीत सांभाळायचं काम तिचं, म्हणून ती आजोबांच्या गुडघ्याला टेकून बसली. मुलगा सोफ्यावर. मी लसूण सोलायला घेऊन मुद्दाम समोरच बसले. थोरलीच्या पंधराही बकऱ्या मांडून झाल्या, त्यातल्या दोन ह्यांनी खाल्ल्या. मी मुलाकडे असं बघितलं, जणू त्या उड्या मीच मारल्या होत्या.

तेवढ्यात मुलाला गोदामातून फोन आला. काल्हेरजवळ कुठला तरी ट्रक अडकला होता, तो मोठ्याने बोलायला लागला. ह्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघत राहिले. मग पुन्हा डावाकडे वळले. पाळी ह्यांचीच होती. ह्यांनी हात पुढे केला आणि चिंचोका उचलून एक घर सरकवला.

बकरी. आपल्या वाघांना विसरून हे समोरच्याची बकरी चालले होते.

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. मला खेळ फारसा येत नाही, पण एवढं कळत होतं. मुलालाही कळलं. त्याने फोन ठेवला आणि तोंड उघडलं, "बाबा, तुमचे तर..."

थोरलीने मूठ वर केली. बापाकडे न बघता, नजर फरशीवरच ठेवून. दहा वर्षांची पोर! आणि माझा मुलगा, जो लहानपणी डबा द्यायला कारखान्यात जायचा आणि तिथल्या सगळ्या खुणा जाणून होता, तो तिथेच गप्प झाला.

मग तिने वाघ उचलला आणि चालली. इतक्या सहज, जणू सकाळपासून वाघ तिचेच होते. धाकटी क्षणभर दोघांकडे बघत राहिली. मग तिने मेलेल्या बकऱ्यांची वाटी उचलली, गुपचूप ताईच्या बाजूला नेऊन ठेवली आणि स्वतःही तिकडे जाऊन बसली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास मी लसणाची एकही पाकळी सोलली नाही. थोरलीने आणखी एक बकरी खाल्ली, तीही आजोबांच्या नाकासमोरून. हे मात्र घाई करत नव्हते. एकेक चिंचोका सरकवत एक वाघ कोपऱ्यात घातला, मग दुसरा. तिसऱ्याने फार धावपळ केली. शेवटी तोही अडकला. ह्यांनी बोट फिरवलं, तुझी पाळी, आणि थोरलीने दोन्ही तळवे उघडून दाखवले. चालायला जागा नव्हती.

"बकऱ्या खेलायला डोकं लागतं," हे मुलाकडे बघून म्हणाले. "वाघ काय, कोनीपन खेलंल."

जन्मभर वाघ घेऊन बसलेल्या माणसाचं हे बोलणं ऐकून मला हसू आलं आणि रडूही. मी थोरलीला स्वयंपाकघरात ओढलं.

"खरं सांग, मुद्दाम हरलीस ना?"

ती माझ्यावरच भडकली. "आजी, मी जीव तोडून खेळले! त्यांनी मला कोंडलं. तू नीट बघत नव्हतीस का?"

मी तिला जवळ घेतलं. एवढं शहाणपण माझ्यात नाही, ह्यांच्या आजारपणात मी कितीदा तरी "अहो, असं नाही हो" म्हणत ह्यांना चारचौघांत सुधारत आले आहे. या पोरीने नुसती आपली बाजू बदलली आणि आजोबांचा डाव चालू ठेवला.

बाहेर आलो तर मुलगा सोफ्यावरून खाली उतरून फरशीवर बापाच्या समोर बसला होता. माझ्या आठवणीत तो कधी ह्यांच्याशी वाघबकरी खेळला नव्हता, त्याला वेळच नसायचा. "मला शिकवाल?" तो विचारत होता.

हे त्याच्याकडे निरखून बघत होते. ओळखीचं काही सापडतंय का, असं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "शिकवतो की. आदी सांग, आपल्या कारखान्यात कवापासून हायस?"

मुलाने एकदा थोरलीकडे बघितलं. तिने नुसतं बोट फिरवलं.

"आजपासूनच," तो म्हणाला, आणि त्याने चिंचोके आपल्याकडे ओढून घेतले.