जमिनीची जाडी

सरकारी योजनांचे किस्से म्हणजे गाजरगवत. एक उपटावं तर शेजारी चार उगवलेले. आमच्या पारावर नुसतं 'अनुदान' म्हणा, माणसं भाकरी सोडून सांगायला येतात. मी सातवीतूनच शाळेला रामराम ठोकलेला, त्यामुळं ऐकायला वेळ भरपूर. त्यातले आमच्या माणिकदादाच्या बांधाचे तेवढे सांगतो.

दादाचं रान चढावर, त्याचा चुलतभाऊ किसन खालच्या अंगाला. पाणी आलं की दादाची काळी माती वाहत किसनच्या रानात. दादाच्या रानात मुरमाचे दात दिसायला लागले, किसनची ज्वारी मात्र माणसाला झाकायची. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे दोघांच्या शिवेवर, सरकारनं मातीचा बांध घालून दिला तरच दादाचं रान वाचणार होतं. न्हाई तर नुसता खडक.

*

दादा ऑफिसात गेला. नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस, एसटीचा भरवसा नाही. ताडकळसपर्यंत बैलगाडी, पुढं मिळेल ते. कारकून म्हणाला, "माती वाहून जाते याला पुरावा काय?"

पुढच्या खेपेला दादानं किसनच्या रानातून पोतंभर माती नेली. "ही बघा, गेलेली माती."

कारकुनानं चिमूटभर चोळून पाहिली. "गेलेली असती तर इथं कशी असती?"

*

मग कारकुनानं सांगितलं, बांध संपले, सुबाभळीची रोपं शिल्लक आहेत. रिकाम्या हातानं कसं परतावं म्हणून दादानं रोपंच आणली, धुऱ्यावर लावली. माझ्या शेळ्यांनी धुरा साफ केला.

वर्षानं साहेब तपासणीला आले. "किती जगली?"

दादाची मान खाली. मीच पुढं झालो. "सगळ्या जगल्या साहेब. एकीला तर जुळं झालं."

*

जमिनीची धूप कशी होते ते दाखवायला एकदा ग्रामसेवक पारावर आला. पत्रा तिरपा धरून त्यावर माती पसरली, झारीनं पाणी सोडलं. माती सरसर खालच्या बादलीत. "बघा मंडळी, केवढं नुकसान!"

किसन पहिल्या रांगेत. बादलीत डोकावून म्हणाला, "साहेब, अजून तिरपं केलं तर जास्ती येईल का?"

*

शेवटी दादाची फाईल हलली. पण धुरा सामाईक, म्हणून किसनची सही पाहिजे. किसन म्हणाला, "आमच्या रानात आलेली माती म्हणजे नांदायला आलेली सून. तिला कुणी वाटंत अडवतं का?"

"आरं, पण मी दिली कवा?"

"पळून आली म्हणून काय झालं?"

*

साहेब स्वतः पाहणीला येणार असं कळलं, तसा मी किसनला हॉटेलात चहा पाजला. हळूच म्हणालो, "ऐकलं का, सीलिंगवाले आता जमिनीची जाडीबी मोजायलेत."

"जाडी?"

"लांबी-रुंदीत बसलास, पण जाडीत जास्तीचा निघालास तर वरचं सगळं सरकारजमा."

किसनचा चहा बशीतच थांबला. "हे मला कामून सांगायलास?"

"तुझं रान लय फुगलंय, म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून किसनच्या बैलगाड्या माती भरून चढावर. "दादा, तुझी अमानत हाय, घे बाबा." दादा बाजेवर बसून हुकूम सोडायचा, "तिकडं कोपऱ्यात वत."

*

साहेब जीपमधून उतरले. दादाच्या रानात त्यांचा बूट घोट्यापर्यंत रुतला. "इथं तर मातीच माती. धूप कुठं आहे?" आणि तिथल्या तिथं अर्ज नामंजूर. दादानं माझ्याकडं असं बघितलं की मी जीपच्या मागं जाऊन उभा राहिलो.

साहेब धुरा उतरून खाली गेले. किसनचं रान खरवडून खरवडून कातडं काढल्यासारखं झालेलं. "अरेरे, केवढी झीज. बांध इथं पाहिजे."

किसननं छाती पुढं काढली. "कुठं घालायचा साहेब?"

"वरच्या धुऱ्यावर. शेजाऱ्याची सही लागेल."

दादानं उभ्या उभ्या सही ठोकली.

बांध झाला. किसनच्या नावाची पाटी लागली. किसननं नारळ फोडला, दादाच्या हातावर खोबरं ठेवलं अन म्हणाला, "बघ दादा. तू हेलपाटे घालून मेलास, तुला मिळाला न्हाई. मला न मागता मिळाला."

दादा खोबरं चघळत म्हणाला, "नशीब लागतं बाबा."