रक्तगट : चांगला

करुणा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी परभणीत एका रक्तपेढीतल्या स्टुलावर बसले होते आणि समोरची मुलगी माझ्या बोटातून तिसऱ्यांदा थेंब काढत होती. रक्त घेण्याआधी एक साधी तपासणी करतात. निळ्या पाण्याच्या ग्लासात रक्ताचा थेंब सोडतात. तो बुडाला तर रक्त पुरेसं दाट आहे, घेता येतं, तरंगला तर माणसाला परत पाठवतात. माझा तरंगत होता. मी म्हटलं, पाणी बदलून बघ. तिनं बदललं. मी म्हटलं, दुसऱ्या हाताचं बघ... तेही बिचारीनं केलं. तेवढ्यात फोन वाजला. करुणाचे यजमान, मिलिंद भाऊजी, दवाखान्यातून बोलत होते. ते एवढंच म्हणाले, "वर्षाताई, आता राहू द्या." मी फोन पर्समध्ये ठेवला आणि त्या मुलीला म्हटलं, अजून एकदा बघतेस का. मला कळलं नव्हतं असं नाही. पण करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

त्याला आता दोन महिने होतील. करुणा सेलूत मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. माहेर ताडकळसकडचं, वडील शेतमजूर, आणि घरात शिकलेली ही पहिलीच. आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. मी पंचायत समितीत क्लार्क. खुर्चीत बसून बसून माझं जे व्हायचं ते झालं होतं, आणि चाळिशीत डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा मी तिच्या ओट्यावर जाऊन रडले होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आत गेली, आणि स्वतःचे जुने बूट आणून माझ्यापुढं ठेवले. सहानुभूती वगैरे तिला जमत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं माझी कडी वाजवली आणि पुढची चार वर्षं ती वाजवत राहिली. सुरुवातीला मी तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की त्यांचा एक वेगळा लेख होईल.

आम्ही देवगाव फाट्याच्या रस्त्यानं पळायचो. दोन बायका पहाटे पहाटे पळताहेत म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे गाडी थांबवणं. कुणी वारलंय का, कुणाला दवाखान्यात नेलंय का, एसटी चुकली का, बसा मागं, सोडतो. दूधवाले थांबायचे, मास्तर थांबायचे. एका म्हाताऱ्या मामांनी तर मोटारसायकल आडवीच घातली. करुणा त्यांना म्हणाली, "मामा, आमी कुठंच जायलो न्हाई. नुसतं पळायलोत." मामांनी आम्हा दोघींकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "कुठं जायचंच न्हाई तर मग पळायलात कशाला?" पुढं कितीतरी दिवस, माझा श्वास फुलला की मी तिला तेच विचारायचे आणि ती म्हणायची, तोंड बंद कर, दम लागतो.

गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, फेब्रुवारीत नागपूरला पूर्ण मॅरेथॉन पळायची. म्हणजे तिनं ठरवलं. पण उन्हाळ्यात तीच मागं पडायला लागली. जी बाई बोलत बोलत दहा किलोमीटर जायची ती चढ आला की कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मांड्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडांतली मज्जा नवीन रक्त करायचीच थांबली आहे. भावाची मज्जा जुळते का बघितलं, जुळली नाही. औषध सुरू झालं, आणि औषधाला यश येईपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त. तिचा गट बी निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. आणि नशीब असं, की माझाही तोच.

पहिल्यांदा मी रक्त दिलं त्या संध्याकाळी ती खाटेवर बसून माझ्याकडं बघत म्हणाली, "आता तुझं रक्त माझ्यात आलं. माझ्या जातीच्या दाखल्याचं काय करायचं, तूच सांग. तू सरकारी आफिसातली ना?" मी हसले. आणि लहानपणी आमच्या घरी येणाऱ्या तिच्या समाजातल्या बायकांना पाणी कसं वरून ओतलं जायचं, ते मला एकदम आठवलं. ते तिलाही ठाऊक होतं. तिनं मला त्यात फार वेळ राहू दिलं नाही. म्हणाली, जेव आता, उद्या पळायचं न्हाई, परवा हळू.

मे महिन्यात मी दिलं, सप्टेंबरात दिलं. बायकांना दोन वेळांमध्ये चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे जानेवारीत पुन्हा माझी वेळ होती. डिसेंबरात एके दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. तिच्या कपाटाच्या दारावर माझं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, कुठल्या रविवारी किती किलोमीटर ते तिच्या अक्षरात. तिनं जानेवारीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "या महिन्यात रक्त द्यायचं न्हाई. दिलंस की दीड महिना दम राहत न्हाई, सगळी तयारी पाण्यात. माझं बाहेरून भागंल."

मी लगेच हो म्हटलं. हे मला इथं लिहायचं आहे, म्हणून लिहिते. थोडा वेळ नको नको म्हणायला हवं होतं, निदान दाखवायला तरी. पण बेचाळीस किलोमीटरचं खूळ माझ्या डोक्यात इतकं शिरलं होतं की मला आतून बरंच वाटलं... तीच सांगतेय तर आपण काय करणार, असं मी स्वतःला समजावलं.

त्या बऱ्या वाटण्याची लाज वाटली म्हणून की काय, मी दुसरी एक मोठी गोष्ट काढली. पाथरीहून सेलूवरून देवगाव फाट्यापर्यंत पळायचं आणि वाटेतल्या गावांत रक्तदात्यांची नावं गोळा करायची. पैसे मागायचे नाहीत, नाव, फोन आणि रक्तगट लिहून घ्यायचा. पस्तीसेक किलोमीटर होतात. लोकांनी माझं फार कौतुक केलं, शाळेनं फलक केला, पंधरा-वीसजण थोडं थोडं अंतर पळायला तयार झाले. जानेवारीतल्या त्या रविवारी माझ्या वेळापत्रकात सगळ्यात लांब पल्ला होताच, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. करुणाला सांगायची गरज नव्हती, वेळापत्रक तिचंच होतं.

त्या दिवशी ती मास्क लावून जीपमध्ये बसली होती, शाळेच्या मुली वह्या घेऊन मागच्या सीटवर. खिडकीतून तिचं चालूच, खांदे सोड, मुठी आवळू नको, पळायलीस का लग्नाला चाललीस. प्रत्येक गावात बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. थांबायचं, कुंकू लावून घ्यायचं, नारळ घ्यायचा, तो कुणाकडं तरी द्यायचा. मी घड्याळाकडं बघायचे. चांगली माणसं माझ्या मैत्रिणीसाठी उन्हात उभी होती आणि मला माझी मिनिटं जाताहेत म्हणून राग येत होता. फाट्यावर पोचले तेव्हा माझे पाय थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. एक म्हातारी गर्दीतून पुढं आली, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडत म्हणाली, "बाई गं, इतकी आजारी हायस आन् तुला पळवायलेत व्हय हे लोक." जीपमध्ये करुणा इतकी हसली की तिला मास्क काढावा लागला. मग तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. तीच म्हणाली, काही न्हाई, हसल्यावर येतं.

वह्या भरल्या होत्या. घरी आणून बघितल्या तर रक्तगटाच्या रकान्यात बहुतेकांनी 'माहीत नाही' लिहिलेलं. एका पठ्ठ्यानं लिहिलं होतं, 'चांगला'. त्याच्याखालच्या दोघांनी ते बघून आपलाही 'चांगला' लिहून टाकला होता. करुणाला ते इतकं आवडलं की पुढं कुणी तब्येत विचारली की ती तेच सांगायची, रक्तगट चांगला आहे. त्यातल्या काहींनी दोन आठवड्यांत खरोखर जाऊन रक्त दिलं, त्याचा दुसऱ्या रुग्णांना उपयोगही झाला. तिच्या गटाची माणसं मात्र साऱ्या वह्यांत चारच निघाली.

जानेवारीच्या शेवटी तिला ताप भरला. परभणीत दाखल केलं. रक्तपेढीत बी निगेटिव्हची पिशवी नव्हती, आसपासच्या गावांतही नव्हती. मी त्या चौघांना फोन लावले. एक नोकरीसाठी पुण्याला, एक गरोदर, एकाचा फोन बंद, आणि एकजण ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर दूर साखर कारखान्याला गेलेला. तो बिचारा म्हणाला, हंगाम संपला की नक्की येतो. मग मी स्वतःच निघाले. मनात म्हणत होते, आपलं तर आहे ना, आपलं कुठं जातं. आमच्या घरात माझ्या रक्ताचा फार तोरा होता, रक्त कमी असणं हे जावांचं दुखणं, माझं नव्हे.

त्यानंतरचं वर लिहिलंच आहे. त्या मुलीनं ग्लास बाजूला सारला आणि विचारलं, "मॅडम, तुमी लय पळता का?" खूप लांब पळणाऱ्यांचं रक्त उतरतं म्हणे. मला वाटत होतं मी तिच्यासाठी पळतेय... महिनाभर आधी, पळायच्या अगोदर येऊन दिलं असतं तर, असं मी विचारलं. पिशवी तेवढे दिवस टिकली असती, ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून पटकन दुसरं काहीतरी बोलायला लागली. डॉक्टर नंतर म्हणाले की एका पिशवीनं फरक पडला नसता, जंतुसंसर्ग हाताबाहेर गेला होता. मिलिंद भाऊजींनीही मला हेच पुन्हा पुन्हा सांगितलं, स्वतः डोळे पुसत. मी मान हलवली. त्यांचं खरं असेल. मला त्याचा उपयोग झाला नाही. नागपूरला मी गेले नाही. तिनं मला त्यासाठी फाडून खाल्लं असतं, पण पायच उचलले नाहीत.

मार्चमध्ये एका दुपारी ऑफिसात एक माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. उन्हानं रापलेला, हातात पिशवी. "मी ज्ञानोबा. ट्रॅक्टरवरचा," तो म्हणाला. "हंगाम संपला. रक्त द्यायला आलोय." कारखान्याहून तो घरीसुद्धा गेला नव्हता. मी तोंड उघडलं, आणि मला सांगता आलं नाही. रजेचा अर्ज लिहिला आणि त्याच्याबरोबर परभणीच्या एसटीत बसले. कुणाच्या तरी कामी येईल असा विचार केला, असं मी म्हणू शकेन, पण मी काही विचार केला नव्हता. रक्तपेढीत तीच मुलगी होती. तिनं मला ओळखलं आणि निळ्या पाण्याचा ग्लास पुढं ओढला. ज्ञानोबाचा थेंब पाण्यात पडला तसा सरळ तळाला गेला. मी त्या ग्लासाकडं किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

चहा-बिस्किट झाल्यावर त्यानं ताईंना भेटता येईल का विचारलं. मी म्हटलं, भेटू देत नाहीत. तो म्हणाला, "बरं. संध्याकाळी त्यांचा फोन येतोच म्हणं." मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. त्याच्या गावातल्या दोघांनी जानेवारीत रक्त दिलं होतं, आणि दोघांनाही त्याच दिवशी संध्याकाळी करुणाचा फोन आला होता. चक्कर आली का, जेवलात का, उद्या जड काही उचलू नका. त्यांचं रक्त तिच्या गटाचं नव्हतं, तरीसुद्धा. वहीत नाव असलेल्या आणि रक्त दिलेल्या प्रत्येकाला ती फोन करत होती, आणि मला हे माहीत नव्हतं. मला तिनं असा फोन कधी केला नाही. मला ती समोरच्या दारातून येऊन नुसतं रागवायची.

हा लेख छापून येईल तेव्हा ज्ञानोबाला कुणीतरी वाचून दाखवेल. ज्ञानोबा भाऊ, मला माफ करा. त्या संध्याकाळी मी खूप वेळ ओट्यावर बसले. समोरचं दार बंद होतं. मग माझ्या यजमानांचा फोन मागून घेतला, कारण माझा नंबर तुमच्याकडं होता. दुसऱ्याच रिंगला तुम्ही उचललात, जणू हातातच धरून बसला होतात.

"कोण, करुणाताई का?"

मी म्हटलं, "हो. चक्कर तर आली न्हाई ना?"

"न्हाई न्हाई. मला काय होतंय. तुमाला कसं वाटायलंय?"

"बरं वाटायलंय," मी म्हणाले.