दोन सुतांची चूक

पट्टीनानांना चूक दिसायची. हा त्यांचा गुण म्हणा, खोड म्हणा, नाहीतर रोग म्हणा. दवाखान्यात नंबर लावून बसले तरी नजर भिंतीवरच्या फळीकडे. ती डावीकडे उतरलीय हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय त्यांना औषध लागू पडायचं नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी कायम, म्हणून तर गल्लीने हे नाव ठेवलं. लग्नानंतर बायकोने चिरलेल्या बटाट्याच्या फोडींनाही त्यांनी एकदा पट्टी लावली होती. बायकोने सुरी त्यांच्या हातात दिली आणि पुढचे दोन महिने भाजी त्यांच्याकडूनच चिरून घेतली.

पण माणूस कामाला पक्का. उभी हयात त्यांनी ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे केले. साचा वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. आता यात गोम अशी की धातू थंड होताना आकसतो. म्हणून साचा आधीच जरा मोठा करायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असेल तर शंभरात एक, पोलाद असेल तर शंभरात दोन. दरवेळी हिशेब करत कोण बसणार? त्यासाठी साचेवाल्यांकडे खास पट्ट्या असतात. आकडे नेहमीचेच, पण अंतर मुळातच वाढवलेलं. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. शेजारी-शेजारी खिळ्यावर टांगलेल्या.

शहरातल्या गटारांची झाकणं आणि ती ज्यात बसतात ती गोल कडी, दोन्ही बिडाची, दोन्ही याच कारखान्यात ओतलेली. त्यांचा साचा म्हणजे नानांचं पहिलं स्वतंत्र काम. वय चोवीस. पहिलं झाकण कड्यात बसवलं तेव्हा फोरमनने वर उभं राहून उड्या मारल्या. झाकण हूं की चूं करेना. त्या दिवशी नानांची नोकरी पक्की झाली. तेव्हापासून कारखान्यात म्हणायचे, पट्टीनानांच्या झाकणाखालून मुंगीलाही वाट नाही.

कारखाना बंद पडून आता अकरा वर्षं झाली. मागोमाग सुटे भाग करणारी छोटी दुकानं गेली, दोन बसमार्ग गेले, बँकेची शाखा गेली. राहिली ती माणसं, जी कुठे जाऊ शकत नव्हती किंवा ज्यांना जायचं नव्हतं. नाना दुसऱ्यातले. मुलगी दर महिन्याला फोनवर म्हणायची, "बाबा, तिथे आता आहे काय?" आणि नाना दर महिन्याला म्हणायचे, "मी आहे."

मग भंगारवाल्यांची टोळी फिरली आणि एका हिवाळ्यात गल्लीतली सतराच्या सतरा झाकणं उचलली गेली. लोकांनी पालिकेच्या कार्यालयात खेटे घातले. चार महिन्यांनी ठेकेदाराने नवी झाकणं आणून जुन्या कड्यांत टाकली आणि गेला. त्या दिवसापासून गल्लीची झोप उडाली. सायकल गेली तरी खडखड, टेम्पो गेला की भांडी आपटल्यासारखा आवाज. काठावर पाय पडला की झाकण एका बाजूने वर उठायचं. लोक त्यांना वळसा घालून चालायला शिकले.

टेलरमावशी मात्र त्या दिवशी हातात कपड्यांचा गठ्ठा घेऊन चालल्या होत्या. समोरचं दिसलं नाही. झाकण कललं, पाय मांडीपर्यंत आत गेला, आणि हाड दोन ठिकाणी मोडलं. उजवा पाय. त्यांचं मशीन पायाचं. अख्ख्या गल्लीच्या शाळकरी मुलांचे गणवेश त्या एका पायावर शिवले जायचे.

लोकांनी रीतसर तक्रार केली. उत्तर म्हणून कोपऱ्यावरच्या भिंतीवर नोटीस लागली: "सदर गल्लीतील रहिवाशांनी झाकणे हेतुपुरस्सर सैल केल्याचे निदर्शनास आले आहे. यापुढे झाकणे पुरविण्यात येणार नाहीत. सर्व विवरे सोमवारी काँक्रीटने बंद करण्यात येतील. हरकत असल्यास गुरुवारी कार्यालयात उपस्थित राहावे."

म्हणजे पाय मोडला तो मोडला, वर चोर आम्हीच. आणि मॅनहोल बुजवलं तर तुंबलेलं गटार साफ करायला वाट कुठली? सगळी घाण खालच्या मजल्यांवरच्या मोऱ्यांतून वर येणार. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. न कळायलाच बहुतेक व्हावं लागतं.

नाना पेटले. ठेकेदाराने झाकणांत माप मारलंय याबद्दल त्यांच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. मंगळवारी सकाळी ते टेप घेऊन उतरले, आणि मागे निम्मी गल्ली. पहिलं झाकण बाजूला करून त्यांनी तीन ठिकाणी मोजलं. सहाशे मिलिमीटर, सहाशे, सहाशे. ठेकेदाराचं झाकण बरोबर होतं. कबूल करणं जिवावर आलं, पण होतं.

मग त्यांनी कडं मोजलं. सहाशे सहा.

झिजलं असेल, असं म्हणून ते दुसऱ्याकडे गेले. सहाशे सहा. तिसरं, सहाशे सहा. झिजतं ते कमीजास्त झिजतं, एकसारखं कधी झिजत नाही. सातव्या कड्यापाशी नानांचे हात थांबले. सहाशेला शंभरात एक म्हणजे सहा. कारखान्याच्या जुन्या भाषेत दोन सूत. बिडाच्या साच्याला पोलादाची पट्टी लावली तर बरोबर एवढाच फरक पडतो.

कडं आणि झाकण दोन्ही त्यांनी त्याच पट्टीने केलं होतं. दोन्ही सारखंच चुकलं, म्हणून एकमेकांत चपखल बसलं. फोरमनने उड्या मारल्या त्या चुकीवर, आणि नोकरी पक्की झाली तीही चुकीवरच.

"काय नाना, सापडला का चोर?" मागून कुणीतरी विचारलं.

"सापडला," नाना म्हणाले आणि घरी गेले.

त्या दिवशी ते जेवले असतील-नसतील. बायकोने बुधवारी दुपारी समोर बसवून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

"का झालं असं?" ती म्हणाली.

"कारणच नाही गं. घाई नव्हती, तब्येत ठीक होती, उजेड होता. खिळ्यावरून हाताला आली ती पट्टी घेतली." हेच त्यांना सोसत नव्हतं. एखादं कारण असतं तर त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. "गप्प बसलो तर कुणाला कळायचं नाही. फोरमन गेला, कारखाना गेला."

"चोर म्हणवून घ्यायला गल्ली आहेच," बायको म्हणाली. "जन्मभर सगळ्यांच्या चुका काढल्यात. माझे तर बटाटे सोडले नाहीत. आता एक स्वतःची काढा. पण आधी त्या टेलरबाईंकडे जा. ऑफिस नंतर."

मावशी खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि हातानेच बटणं लावत होत्या. नानांनी उभ्या-उभ्याच सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता.

"म्हणजे माझा पाय तुमच्यामुळे मोडला?"

"हो."

मावशींनी सुई कापडात खोचली. राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "सहा आठवडे मशीनला पाय लागायचा नाही माझा. कळतंय ना तुम्हाला?" मग म्हणाल्या, "उद्या तिथेही असंच बोला. हो म्हणून. त्या ऑफिसात कुणी हो म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही."

गुरुवारी नाना बोलले. पट्ट्यांपासून सगळं. इंजिनिअर साहेब तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, समोर दोन फोन. ऐकता-ऐकता त्यांचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे आजोबा, दोष तुमचा. हे लिहून द्याल?"

नानांनी लिहून दिलं. अक्षर सुरेख, ओळी सरळ. खाली सही केली. "आता सहाशे सहाचं झाकण ओतून घ्या," ते म्हणाले. "साचा मी करून देतो. एक पैसा घेणार नाही."

"त्या मापाचं झाकण दरपत्रकात नाही."

"नसेल. रस्त्यात आहे."

"आणि कार्यालयाची चूक नाही हे तुम्हीच लिहून दिलंत." साहेबांनी कागद फाइलला लावला. "सोमवारचं काम ठरल्याप्रमाणे होईल."

बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं की, नाना, तुम्ही आयतं कोलीत दिलंत माकडाच्या हातात. घरी पोचेपर्यंत त्यांची शरम विरली होती आणि तिच्या जागी असा संताप आला होता, की बायकोने चहाही लांबूनच ठेवला. आपण चुकलो ते न कळता चुकलो. हा माणूस सगळं कळून, खुर्चीत बसून, ठरवून चुकतोय.

सोमवारी सकाळी काँक्रीटची गाडी गल्लीत वळली तेव्हा पहिल्या मॅनहोलचं झाकण बाजूला पडलेलं होतं आणि कड्यावर नाना बसले होते, दोन्ही पाय आत सोडून. दुसऱ्यावर स्वयंपाकघरातला स्टूल ठेवून त्यांची बायको. तिसऱ्यावर मावशी. त्यांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं, आणि मोडका पाय पाटावर ठेवला होता. पुढे थेट गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक मॅनहोलवर एकेक माणूस.

ड्रायव्हर उतरला, डोकं खाजवलं, साहेबांना फोन लावला. साहेब अर्ध्या तासात आले.

"आजोबा, चूक तुमची आहे ना?"

"माझी. सही दिलीय." नानांनी टेप पुढे केला. "आता तुम्ही मोजा."

"मोजायची काही गरज नाही."

"मग ओता."

कुणी हललं नाही. साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "मी नाही बुवा ओतणार माणसाच्या पायावर," ड्रायव्हर म्हणाला. "पण साहेब, काय ते लवकर ठरवा. माल ड्रममध्ये घट्ट व्हायला लागलाय. ड्रम फोडून काढावा लागेल, आणि तो खर्च तुमच्या नावावर लिहीन."

साहेब पँट सावरत उकिडवे बसले. टेप लावला. काहीतरी पुटपुटले.

"इकडे ऐकू नाही आलं," मावशी म्हणाल्या.

"सहाशे सहा."

"आता हे," नानांची बायको स्टुलावरून उठत म्हणाली.

सतराच्या सतरा कडी मोजली. चौथ्यापर्यंत साहेब घड्याळ बघत होते. सातव्यापासून त्यांनी गुडघे टेकले. बाराव्याला आकडा कुणी न विचारता मोठ्याने सांगितला, आणि सरळ होताना एक झाकण पायाने दाबून पाहिलं. ते वर उठलं. साहेबांनी पाय झटकन मागे घेतला. शेवटच्या टोकाहून परतले तेव्हा इस्त्री मोडली होती. ड्रायव्हर गाडी रिकामी करायला केव्हाच निघून गेला होता.

"साच्याला किती दिवस लागतील?" त्यांनी नानांना विचारलं.

"चार. पण आधी लिहा."

भिंतीवरची नोटीस काढून तिच्याच कोऱ्या पाठीवर साहेब लिहायला बसले, मावशींच्या खुर्चीच्या हातावर कागद टेकवून. नाना जागचे न उठता सांगत होते. झाकणे रहिवाशांनी सैल केलेली नाहीत. साच्यातली चूक साचेवाल्याची. न मोजता झाकणे बसवली, ही चूक कार्यालयाची.

तिसऱ्या वाक्यापाशी पेन थांबलं. "हे लिहिलं तर वरून मलाच विचारतील," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"विचारू देत. माझ्याकडे एक नाव होतं, साहेब. चव्वेचाळीस वर्षांचं. गुरुवारी ते तुमच्या टेबलावर ठेवून आलो. तुम्हाला एक ओळ जड होतेय?"

साहेबांनी ओळ लिहिली. मावशींनी कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला.

"सही राहिली," त्या म्हणाल्या.

साहेबांनी सही केली. मगच नानांनी पाय वर घेतले.