बंब कुठून येईल?

"बंब कुठून येईल?"

भाऊ आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला होता. हमाल पलंग डोक्यावर घेऊन शिव्या घालत येत होते, आणि हा गृहस्थ माझ्या दुकानासमोर उभा राहून दोन्ही हात फैलावून भिंती चाचपत होता. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. हातात स्क्रू, तोंडात स्क्रू. अशा माणसाला ओळख ना पाळख, एकदम प्रश्न.

"कसला बंब?" मी विचारलं.

"आगीचा."

"आग कुठं लागलीय?"

"लागली तर, म्हणतोय."

बायको-मुलं धुळ्याला आणि नोकरी जळगावात, असा हा माणूस. कामानं नगररचनाकार, म्हणजे शहरात रस्ता कुठून जावा, गटार कुठं वळावं, याचा विचार करायचा पगार घेणारा. आमच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत म्हाताऱ्या अक्कांच्या घराची वरची मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. शनिवारी धुळ्याची एसटी पकडायचे, सोमवारी सकाळी परत. धुळ्याच्या सरळ, नंबर घातलेल्या गल्ल्यांचा त्यांना फार अभिमान. "आमच्याकडं या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाला कोण भाजी घेतंय ते दिसतं," म्हणायचे. आमच्या गल्लीत समोरच्या घरात कोण भाजी घेतंय तेही दिसत नव्हतं, कारण मध्ये शेठच्या साड्या टांगलेल्या असत.

शेठ म्हणजे साड्यांचे दुकानदार. गल्लीत सर्वांत मोठं दुकान, सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत पुढं आलेला ओटा त्यांचाच. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मांडव गल्लीतच पडला. भाऊंनी दोन जिलब्या खाल्ल्या, मुलीला आशीर्वाद दिला, वर बघितलं, खाली बघितलं आणि शेठना विचारलं, "बंब कुठून येईल?" शेठनी त्यांना तिसरी जिलबी दिली नाही.

आम्ही सगळे त्यांना हसत होतो. मशीनला तेल घालायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा जाताना म्हणायची, "काय, आला का बंब?" तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला चिडवतो, आणि त्याचं म्हणणं खरं आहे हे आपल्याला मनातून माहीत असतं, म्हणून जरा जास्तच चिडवतो.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. खानदेशातली मे महिन्यातली दुपार तुम्ही काढली असेल तर वेगळं सांगायला नको. गल्लीच्या आतल्या वळणावर गादीवाल्याचं दुकान. कापूस पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि कापसानं जो पेट घेतला, तो बघता बघता दार गिळून बसला. गादीवाल्याची म्हातारी आई मागच्या खोलीत झोपलेली. आम्ही बादल्या घेऊन धावलो. बंबाचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण आवाज तोंडाशीच थांबला. पलीकडून त्याचा भोंगा वाजतोय, अलीकडं आम्ही जळतोय, आणि मध्ये आमचेच ओटे, आमच्याच पाट्या, आमचेच पत्रे. जवानांनी पाइप ओढत आणला. तो वळणाच्या अलीकडंच संपला.

म्हातारीला शेवटी शेजारच्या गच्चीवरून चादरीत घालून उतरवलं. ती वाचली. दुकानाच्या मात्र फक्त भिंती उरल्या.

भाऊ ऑफिसातून धावत आले ते शर्ट घामानं भिजलेला, चष्मा हातात. त्यांनी काळ्या भिंतींकडं बघितलं, म्हातारीजवळ बसले, तिला पाणी पाजलं. आता हे तो प्रश्न विचारणार, म्हणून आम्ही माना खाली घालून उभे होतो. त्यांनी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एक बांबू घेऊन आले. केळीच्या घडाला टेकू देतात तसला लांबलचक. बंबाच्या रुंदीइतका कापून, वर दोन्ही बाजूंना वीतभर सोडलेला. एक टोक त्यांनी स्वतः धरलं, दुसरं गादीवाल्याच्या हातात दिलं आणि बांबू आडवा धरून दोघं गल्लीच्या तोंडापासून चालू लागले. जिथं बांबू अडेल तिथं थांबायचं. काही बोलायचं नाही. ज्याचा ओटा असेल तो बाहेर येईपर्यंत उभं राहायचं.

तुम्हाला सांगतो, नोटीस परवडली असती. नोटिशीला वकील असतो. इथं समोर दुकान जळालेला एक माणूस बांबूचं टोक धरून आपल्याकडं बघतोय, त्याला काय उत्तर देणार?

जळक्या दुकानात बैठक झाली. भाऊ म्हणाले, "मी कुणाचं पाडायला आलो नाही. ज्याचं त्यानं मागं घ्यायचं. जुन्या बाजाराचं काम गल्ली-गल्लीनं होणार आहे. जी गल्ली आधी मोकळी होईल तिथं गटार, जमिनीखालून वायरी, फरशी आधी. एवढं मोठं शहर एकदम नवं होत नाही हो. कुठल्या तरी एका गल्लीला आधी सरकून बसावं लागतं."

"आणि आम्ही मागं सरलो, शेजारचा नाही सरला तर?" शेठ.

"बांबू सगळ्यांच्या दारावरून जाईल. माझ्यासुद्धा."

सगळ्यांत आधी गादीवाल्यानं स्वतःच्या ओट्यावर घण घातला. मग बांगडीवाला, मग मी. शेठनी सर्वांत शेवटी, भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात बडबडत, आपला तो प्रसिद्ध ओटा काढला. पावसाळा संपेपर्यंत बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न अडता जाऊ लागला. पोरीबाळी सायकली चालवू लागल्या. माझ्या दुकानात पहिल्यांदा दुपारचं ऊन आलं.

एका रविवारी खरा बंब बोलावून चाचणी ठरली. त्या आठवड्यात भाऊ धुळ्याला गेले नाहीत. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. बंब गल्लीत शिरला तेव्हा बायकांनी ओवाळायची ताटं आणली होती. भाऊ बांबू आडवा धरून उलट्या पावलांनी पुढं चालत होते आणि ड्रायव्हरला "या, या" करत होते.

अक्कांच्या घरापाशी वरून करकर आवाज आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बंबाच्या डोक्यावरची शिडी अक्कांच्या लाकडी सज्जाला लागली होती.

भाऊंनी बांबू कमरेच्या उंचीवर धरून सगळी गल्ली मोजली होती. वर बघितलंच नव्हतं. नगररचनेत आयुष्य घातलेल्या माणसाची ही चूक, आणि ती आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती, कारण आमच्या गल्लीत भांडणं सगळी जमिनीवरून होतात.

सज्जात अक्का बसलेल्या होत्या. अक्का माहेरच्या पारोळ्याच्या. लग्न होऊन जळगावात आल्या त्याला जमाना झाला, पण अहिराणी बोली त्यांनी सोडली नाही. गुडघ्यांमुळं जिना उतरणं कधीच बंद झालेलं. खालची खोली शेठना गोदामाला दिलेली. तो सज्जा हेच त्यांचं अंगण, बाजार आणि देऊळ. तिथून त्या सगळ्यांची चौकशी करायच्या आणि भाऊ कामावरून परतले की वरूनच हाक मारायच्या, "भाऊ, भाकर तयार शे." त्यांच्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाऊन भाऊंचा आठवडा निघायचा.

अक्का खाली बघत होत्या. भाऊ वर बघत होते.

शेठ पुढं आले. "आता सांगा भाऊ. बंब कुठून येईल?"

बंब मागं मागं घेत बाहेर काढला. ओवाळणीची ताटं तशीच घरात गेली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गल्लीचं दुसरं टोक जुन्या विहिरीपाशी बंद होतं, तिकडून वाट नव्हती. छोटा बंब मिळतो का म्हणून भाऊ विचारून आले. मिळेल, पण कधी ते कुणी सांगू शकेना. इकडं शेठच्या दारात विटांची गाडी उतरली. "ज्याच्या घरी जेवतो त्याचा सज्जा राहतो, आमचे ओटे जातात. बरं आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. बांगडीवालाही वाळूची चौकशी करू लागला. एक ओटा परत आला असता तर सगळे आले असते. गादीवाला नव्या पत्र्याखाली पुन्हा कापूस पिंजत होता, आणि त्याची आई त्याच मागच्या खोलीत झोपत होती.

भाऊ रोज सज्जाखालून मान खाली घालून जायचे. जेवायला खानावळीत जाऊ लागले. एकदा माझ्या दुकानात येऊन बसले आणि बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत राहिले.

"सगळ्यांना मी मागितलं," ते म्हणाले. "मागताना काही वाटलं नाही. ओटा म्हणजे काय, दगड. पण अक्कांना काय सांगू? की तुमची सज्जातली दुनिया शहराला पाहिजे?"

"नाही सांगितलंत तर?"

"तर पुढच्या मेमध्ये पाइप परत वळणाच्या अलीकडंच संपेल."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्याबरोबर वर गेलो. एकट्यानं जायला त्यांचे पाय वळले नसते.

अक्का पाठमोऱ्याच बोलल्या. "ये. इतला रोज मान खाले घालीसन जास. माले वाटनं, मन्हावर राग शे तुना."

"अक्का, मला एक बोलायचंय..."

"बंबना आवाज माले बी ऐकू उना. बठ्ठास्ना ओटा गयात. मन्हा सज्जा काय देव शे का?"

भाऊ त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, "मग तुम्ही दिवसभर बसणार कुठं?"

"ते तू सांग. तुनं काम शे ते. माले खाले बसाड, दारमा. तुन्ही गल्ली मी बी दखसू."

"खालच्या खोलीत शेठचं गोदाम आहे."

"ते मन्हावर सोड."

अक्का कठड्याला धरून उठल्या आणि सज्जातून वाकल्या. शेठ खाली विटा लावत होते. "शेठ, मन्ही खोली माले परत दे."

शेठनी वर बघितलं. "कधीपर्यंत, अक्का?"

"आज."

शेठच्या हातात वीट होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. साड्यांचे गठ्ठे त्यांच्या दुकानात रचले गेले ते असे, की त्यांना स्वतःला गल्ल्यावर बसायला जागा उरली नाही. तक्रार मात्र ऐकू आली नाही.

अक्कांना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यानं खाली आणलं. पुढच्या पायांकडून शेठनी खुर्ची धरली होती. खाली आल्यावर अक्कांनी आधी पाय जमिनीला टेकवले, मग हातानं फरशी चाचपली. सज्जा काढताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. शेवटची फळी निघाली तेव्हा त्या रडल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभे होते.

दुसऱ्यांदा बंब आला तेव्हा कुणी ताटं आणली नाहीत. बंब वळणापर्यंत गेला, गादीवाल्याच्या दारात थांबला, भोंगा वाजवला. त्याची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "आता कशाला आला?" तेव्हा कुठं गल्ली हसली.

पुढं भाऊ निवृत्त झाले. त्यांचं सामान न्यायला आलेला टेम्पो सरळ अक्कांच्या दाराशी लागला. शेठनी विचारलं, "भाऊ, टेम्पो कुठून आला?" भाऊंनी शेठना मिठी मारली. बांबू ते अक्कांच्या दारात ठेवून गेले. मग अक्कांचंच राज्य सुरू झालं. कुणी हातगाडी आडवी लावली की काठी आपटून विचारायच्या, "बंब कथाईन यी?"

गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून फोन आला. भाऊ गेले. आम्ही काही जण पहिल्या एसटीनं गेलो. अक्कांना प्रवास झेपणार नव्हता. आम्ही परतलो तेव्हा त्या दारातच बसलेल्या, पुढ्यात बांबू.

"धरा," म्हणाल्या.

एक टोक मी धरलं, एक शेठनी. कमरेवर धरायला गेलो तर त्यांनी काठीनं खूण केली, वर. आम्ही हात उंच करून बांबू डोक्यावर धरला आणि गल्लीच्या तोंडापासून चालू लागलो. दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. अक्कांच्या दारावरून जाताना त्यांनी मान वर केली. सज्जा होता तिथं आता फक्त आभाळ होतं. आम्ही गादीवाल्याच्या वळणावरून विहिरीपर्यंत जाऊन परत आलो. हात भरून आले होते.

"अक्का, सरळ गेला," शेठ म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "मंग ठेवा त्याले दारमा उभा. परत लागी."