खडपाचा नंबर

ही हकीकत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. इथे लोकांचे अनुभव वाचतो, कधी प्रतिसादही देतो. बहुतेक वेळा ‘याला काहीतरी साधं कारण असेल’ असाच. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस आहे मी. अमावास्येला शाळेच्या मैदानातून एकटा घरी गेलो आहे, वडाखाली डबा खाल्ला आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण त्या दिवशी समुद्रात जे पाहिलं त्याला काय म्हणायचं ते मला कळलेलं नाही. आणि भीती मला त्या घटनेची वाटत नाही... त्यानंतर मी जसा वागलो त्याची वाटते.

गाव रेवदंड्याच्या खाली आणि मुरुडच्या वर, बरोबर समुद्रावर. नाव मुद्दाम देत नाही, जवळच्यांना ओळखू येईलच. अर्धं गाव कोळ्यांचं, उरलेलं वाडीवाल्यांचं. निवृत्तीनंतर मुलाने जुना लॅपटॉप दिला आणि मला एक नाद लागला. एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहायचे आणि त्यावर क्लिक केलं की नकाशा उघडेल अशी लिंक करायची. सुरुवात नागावच्या एका ओळखीच्या होमस्टेवाल्यापासून झाली. त्याचे पाहुणे नारळाच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांत हमखास चुकायचे. त्याला लिंक करून दिली, चुकणं बंद झालं. मग मी एक पेजच बनवलं. आमच्या किनाऱ्यावरच्या देवळांच्या, विहिरींच्या, बंदरांच्या जागा त्यावर मांडल्या. एका जागेवर क्लिक केलं की तीन नकाशांची नावं यायची. पहिला रस्त्यांचा, दुसरा उपग्रहाचा, तिसरा समुद्राची खोली दाखवणारा, बोटवाल्यांचा. तिसरा मी हौसेने जोडला होता. वापरत कोणीच नव्हतं, मीसुद्धा नाही.

कोळी लोक पेज बघून हसायचे. “गुरुजी, देवला दावता, मासली दावा ना!” मासळी कुठे असते ते मात्र कोणी सांगायचं नाही. पाण्याखाली खडक असतात, त्यांना खडप म्हणतात. तिथे मासा लागतो. प्रत्येक घराचा आपला खडप, आणि त्याचा जीपीएसचा नंबर घराबाहेर जात नाही. बाप मुलाला सांगतो, जावयालाही सांगत नाहीत. म्हणूनच होडीवरच्या जीपीएसचे आकडे कसे दिसतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझे सगळे आकडे जमिनीवरचे, फोनवरून घेतलेले.

तरीही मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मी उठून बोललो होतो. “समुद्रात अडचण आली तर मला फक्त नंबर पाठवा. मी लिंक करून सगळ्यांना पाठवीन. शोधायला जाणारा थेट त्या जागेवर जाईल.” टाळ्या पडल्या होत्या.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. वारा अजून नैर्ऋत्येचा, अंगावर येणारा. सकाळी चहा घेत होतो तेव्हा काशिनाथचा मेसेज आला. काशिनाथ म्हणजे आमच्या शेजारच्या आळीतला, माझा जुना विद्यार्थी. खलाशी गावाहून परतले नव्हते म्हणून एकटाच छोटी होडी घेऊन जाळी बघायला गेला होता.

‘गुरुजी पानी शिरलाय. 18 24 500, 72 50 300.’

फोन लावला, लागला नाही. मी आकडे टाकले – अठरा, मग टिंब, मग पुढचे आकडे. रेखांशाचंही तसंच. नकाशा उघडला, लाल खूण समुद्रात पडली. किनाऱ्यापासून खूप लांब. इतक्या लांब छोट्या होडीने का गेला असेल, असं मनात आलं खरं. पण खूण समोर दिसत होती. लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, शोधपथकाच्या नंबरवर पाठवली आणि बंदरावर धावलो.

बंदरावर गर्दी जमली होती. काशिनाथची बायको सुमन ओट्यावर बसली होती, रडत नव्हती, नुसती समुद्राकडे बघत होती. हरी नाखवाने ट्रॉलर सुरू केला होता. तेवढ्यात काशिनाथचा धाकटा भाऊ रमेश माझ्याजवळ आला. तोही माझा विद्यार्थी, तोंडाळ, वर्गात सगळ्यांना हसवणारा. त्याने माझ्या हातातल्या फोनवर नकाशा पाहिला.

“ह्यो आमचा खडप न्हाय, गुरुजी.”

“खडपावरच गेला होता कशावरून?”

“मंग कंच्या लग्नाला गेलता? जाळी तिथंच हायत. एवढ्या लांब न्हाय तो. जवल हाय.”

हरी ओरडला, “मंग सांग ना कुठं हाय! बोल, समद्यांच्या समोर बोल!”

रमेशने आजूबाजूला पाहिलं. अर्धा कोळीवाडा उभा होता. त्यात असे लोक होते ज्यांनी त्या खडपासाठी त्याच्या बापाच्या होडीचा पाठलाग केला होता. मग माझ्याकडे वळला, हळू आवाजात म्हणाला, “गुरुजी, दादानं धाडलेला नंबर दावा मना. नकाशा नको. नंबर.”

मी तेव्हा मेसेज उघडून दाखवायला हवा होता. बोटाचं काम होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, शोधपथकाचा फोन येत होता, आणि मला – खरं सांगतो – राग आला. मी म्हणालो, “नंबर काय बघतोस, नकाशा बघ. शाळेत असताना बघितला असतास तर आज कळला असता.”

लोक हसले. तशा वेळीही हसले.

“खडपाची जाळी वाचवायची असंल त्याला,” मागून कोणीतरी म्हणालं. “भाऊ काय, मिलंल दुसरा!”

रमेशने त्या माणसाकडे वळूनही पाहिलं नाही. एकटाच आपल्या होडीत चढला आणि निघून गेला. मी हरीच्या ट्रॉलरवर चढलो.

तीन-साडेतीन तास लागले असतील. मी फोनवरून नजर काढली नाही. नेटवर्क गेलं, पण नकाशा उघडलेला होता. आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका लाल खुणेकडे सरकत होता. किनारा केव्हाच दिसेनासा झाला होता. डोंगरसुद्धा नाहीत. हरी मधूनमधून विचारायचा, “गुरुजी, नक्की ना?” आणि मी म्हणायचो, “नक्की.”

निळा ठिपका लाल खुणेवर आला. मी मान वर केली... आणि पुढच्या लाटेवर निळं पिंप दिसलं. पिंपाला मिठी मारून काशिनाथ.

ओढून वर घेतला तेव्हा शुद्धीवर होता. कांबळं गुंडाळलं, गरम चहा पाजला. पहिला घोट घेऊन त्याने मान फिरवून चहूकडे पाहिलं. आणि त्याचा चेहरा जो बदलला तो मला आजही झोपताना दिसतो.

“मना एवढ्या लांब कुनी आनला?”

हरी म्हणाला, “कोन आननार? इथंच सापडलास.”

“येडा हाय का तू? कोर्लईचा डोंगर समोर व्हता! आत्ता, आत्तापरत व्हता! मी खडपावरच हाय. जाल्याचा तरंगता बोया धरायला बघत व्हतो.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हरी म्हणाला, पाणी डोक्यात गेलंय. मी काशिनाथचे पाय चोळत बसलो. थोड्या वेळाने तो दुसरंच बोलायला लागला.

“रम्या आलता.”

“कुठे?” मी विचारलं.

“तिथंच. माज्याभोवती फेरे मारले त्यानं होडीचे. मी हाका मारल्या, घसा फुटंपरत. वल्हं टाकलं असतं तर हाताला लागलं असतं, एवढा जवल. माज्याकडे बघितलान, गुरुजी. सरल बघितलान. आन् गेला.”

बंदरावर पोचलो तेव्हा रमेश परत आलेला होता. पाण्यात कंबरेपर्यंत धावत आला. “दादा!” म्हणून हात पुढे केला. काशिनाथने तोंड फिरवलं. रमेश सगळ्यांनाच सांगत सुटला – “मी खडपावर गेलतो. आमचे बोये व्हते, डिझेलचा तवंग व्हता. दादाचा आवाज येत व्हता! किती फेरे मारले... आवाज पान्यातनंच, अगदी जवलनं. पन दादा न्हवता. आईच्यान न्हवता!”

सुमन ओट्यावरून उठली. नवरा जिवंत आलेली बाई, पण आवाज असा की गर्दी मागे सरली. “आवाज आला तर उडी का न्हाय मारलीस, भावजी?”

एवढ्या वेळात सगळ्यांनी आपापल्या मनात निकाल लावला होता. गावाच्या मते रमेश भावाला सोडून जाळी वाचवायला गेला. काशिनाथच्या मते तो आला, बघितलं आणि मरायला सोडून गेला. तो खडपावर जाळ्यांपाशी होता, तर आम्ही भावाला उचललं तिथे कसा असेल? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. पण तसा विचार कोणी केला नाही.

संध्याकाळी लोक माझ्या घरी आले. शाल, नारळ, पेढे. “गुरुजींच्या नकाशानं मानूस वाचला.” ते गेल्यावर मी पेज उघडलं. ती जागा कायमची नोंदवून ठेवावी असं वाटलं. तिन्ही नकाशे चालतात का बघावं म्हणून पहिल्यांदाच तो तिसरा, बोटवाल्यांचा नकाशा उघडला. तो खुणेचे आकडे अंश आणि मिनिटांत दाखवतो. त्यावर आकडे आले – 18 14.700, 72 30.180.

काशिनाथने पाठवले होते 18 24 500, 72 50 300.

मी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. मग डोक्यात प्रकाश पडला. माझा फोन नुसते अंश सांगतो, टिंबानंतर त्यांचा दशांश; होडीवरचा जीपीएस अंश आणि मिनिटं सांगतो. एका अंशाची साठ मिनिटं – हे मी किती पिढ्यांना शिकवलं! चोवीस पूर्णांक पाच मिनिटं म्हणजे अठराच्या पुढे टिंब देऊन चोवीस पाचशे नव्हे. साठाने भागावं लागतं. मी भागलं नव्हतं, सरळ टिंब दिलं होतं. बरोबर आकडे टाकले. खूण पडली ती किनाऱ्यापासून होडीने तासाभरावर, जिथून कोर्लईचा डोंगर समोर दिसतो. रमेश गेला होता तिथे. माझी खूण त्याहून खूप खोल समुद्रात, वाऱ्याच्या थेट उलट दिशेला होती. तिथे काशिनाथ असण्याचं काहीच कारण नव्हतं.

आणि तो तिथे होता. खुणेवर.

मी सगळे विचार केले आहेत. प्रवाह म्हणाल तर तेवढ्या वेळात एवढं अंतर, तेही वाऱ्याच्या तोंडावर, कोणताही प्रवाह नेत नाही. दुसऱ्या बोटीने ओढत नेलं असतं तर त्याला कळलं असतं. भ्रम म्हणाल तर त्याचा भ्रम आणि रमेशचा भ्रम एकमेकांना इतके कसे जुळले? एकाने हाका मारल्या, दुसऱ्याने ऐकल्या. शिवाय दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीची पुढची फळी, नाव रंगवलेली, आमच्याच किनाऱ्याला लागली. म्हणजे होडी बुडाली ती खडपावरच. मग माणूस तिकडे कसा गेला? माझ्या चुकीने त्याला तिथे नेलं, असा विचार आला की मी उठून दिवा लावतो.

पण हे गूढ उकललं नाही तरी एक गोष्ट अगदी स्पष्ट होती. मी तो मेसेज काशिनाथला, सुमनला, गावाला दाखवला असता, माझी चूक सांगितली असती, तर रमेशवरचे दोन्ही डाग पुसले गेले असते. तो जाळ्यांसाठी गेला नव्हता, भावाने पाठवलेल्या जागीच गेला होता. आणि आम्ही भावाला उचललं त्या जागेपासून तो इतका दूर होता, की सोडून गेला असं म्हणताच येत नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी शाल घडी करून कपाटात ठेवली. उद्या सांगू म्हटलं.

त्या गणपतीला भावांच्या घरात दोन गणपती बसले. दिवाळीआधी रमेश बायकोच्या माहेरी, बोर्ली पंचतनला गेला. होडी विकली, बाजारात मासळी विकायला लागला. पेज मी बंद करून टाकलं. लोकांनी विचारलं तर म्हणायचो, डोळे चालत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात रमेश गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. काशिनाथ मातीलाही गेला नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. त्याच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं, मेसेज दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं. नंतर म्हणाला, “तुमचा चुकला आसंल, गुरुजी. पन मी त्याला बघितला ना.” आणि जरा वेळाने, “त्यानंबी मना बघितलान... का न्हाय बघितलान?” हा प्रश्न तो आता रोज विचारतो, असं सुमन सांगते.

रमेश असताना मी एकदा बोर्लीला गेलो होतो. सांगायचंच म्हणून. एसटीत सगळी वाक्यं मनाशी म्हणत गेलो. बाजारात त्याने मला लांबूनच ओळखलं. “आयला, गुरुजी! म्हावरं महाग लावनार न्हाय, या!” घरी नेलं, बायकोला चहा टाकायला लावला, शाळेतल्या नकला करून दाखवल्या. मी हसत होतो आणि वाक्यं जुळवत होतो.

मग तोच मध्येच थांबला.

“गुरुजी, तुमी शिकलेलं. तुमीच सांगा. मी बरोबर ठिकानी गेलतो ना त्या दिवशी?”

बायको दारात कप घेऊन उभी होती. तिनेही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “जाऊ दे रे. जुनं कशाला काढायचं.”

तो स्टँडपर्यंत सोडायला आला. सुक्या बोंबलांची पिशवी हातात दिली, मला खिडकीजवळ बसवलं आणि खाली उभा राहिला. गाडी सुरू झाली तेव्हा मी डोकं बाहेर काढलं. “रमेश, त्या दिवशीचा नंबर –”

“काय गुरुजी?” तो गाडीबरोबर चालायला लागला, कानाला हात लावून. “काय म्हनता?”

“काही नाही,” मी म्हणालो. “चहा छान झाला होता, सांग तिला.”