पंख्याचा जादा पट्टा

मंडळी, आज सकाळी मुलगा तेल-पाणी न बघताच गाडी घेऊन निघाला आणि मी त्याला फोन लावत बसलो.

चौऱ्याऐंशी साली बायकोला बाळंतपणासाठी दिघोरीहून साकोलीला नेत होतो. त्या चिखलाच्या रस्त्यावर आमचा छोटा डिझेल ट्रकच चालायचा. वाटेत इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटला, इंजिन तापलं.

"गाडी बंद नोका करू जी," ती कण्हत म्हणाली. "मंग सुरू नाई झाली त?"

बंद करावीच लागली. जादा पट्टा जवळ ठेवायची सवय होती, म्हणून निभावलं. तो बसवला. इंजिन थंड झाल्यावर पाणी भरलं, किल्ली फिरवली, आणि ते सुरू झालं. दवाखान्यात पोहोचताच मुलगी झाली.

मुलगा अजून फोन उचलत नाही. तुम्हालाही अशी धाकधूक होते का?